हात लावा, पण इथेच: उन्हाळी उपक्रमाच्या प्रकल्प नोंदी

२४ मार्च, सोमवार

बैठक झाली. सुट्टीत संग्रहालयात आणि आवारातल्या जुन्या दगडी इमारतीत कुटुंबांसाठी 'काहीतरी' करायचं आणि ते मी करायचं, असं ठरलं. 'काहीतरी' हा संचालक सरांचा शब्द. गेल्या वर्षीचं काहीतरी म्हणजे चित्रकला स्पर्धा. मुलांनी अंगणात सतरंजीवर बसून डोंगर, सूर्य आणि घर काढलं, बक्षिसं वाटली, फोटो निघाले. दालनात त्या दिवशी एकही मूल फिरकलं नव्हतं. पालक झाडाखाली मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

यंदा स्वतःला दोन अटी घातल्या. घरी किंवा वर्गात तितकंच छान होईल असं काही इथे करायचं नाही. आणि पालकांना बाहेर बसू द्यायचं नाही. दुसरी अट पाळायची कशी, ते अजून सुचलेलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

संध्याकाळी दालनं बंद झाल्यावर गुडघ्यांवर फिरले. खरोखरच गुडघ्यांवर. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जिथे येतात तिथून काय दिसतं, ते बघायचं होतं. पहारेकरी काका धावत आले, "काय पडलं मॅडम? बॅटरी आणू का?"

काय दिसलं: नाण्यांच्या आडव्या पेटीची नुसती लाकडी कड. भिंतीवरच्या चित्राच्या जागी काचेत चमकणारी ट्यूबलाइट. माहितीफलकाचा खालचा कोपरा, ज्यावर फक्त देणगीदाराचं नाव असतं. पण मोठ्या रांजणाचं बूड काय सुंदर दिसलं! खुर्चीचे सिंहाच्या पंजासारखे पाय, एका मूर्तीच्या पायाशी कोरलेलं इवलंसं कासव. इतकी वर्षं या कासवासमोरून रोज जाते, आज पहिल्यांदा पाहिलं.

बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली असंच काहीसं केलं होतं. एका माणसाला वस्तूंविषयी प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना तो किती वाकतो, मान कशी वेडीवाकडी करतो, त्याचे फोटो काढले. 'संग्रहालयाचा थकवा' हा शब्दप्रयोग त्यांच्याच लेखामुळे रुळला. माणूस दमतो त्याला मांडणीही जबाबदार असते, हे त्यांचं म्हणणं. माझे गुडघे सहमत आहेत.

यातून पहिला उपक्रम निघाला: 'पाय कुणाचे?' बारा फोटोंचं एक कार्ड. प्रत्येक फोटोत फक्त वस्तूचा पाय किंवा बूड, वरचं काही नाही. मुलांना उभ्याउभ्या सापडेल, मोठ्यांना वाकावं लागेल. दुसऱ्या अटीचं दार किलकिलं झालं म्हणायचं.

२ एप्रिल, बुधवार

हाताळण्याच्या वस्तूंची पेटी. संग्रहपाल ताईंबरोबर दोन तास गेले, पहिला अर्धा तास नुसता 'नाही' ऐकण्यात. नोंदवहीत क्रमांक पडलेली एकही वस्तू पेटीत जाणार नाही. बरोबरच आहे. पण कोठाराच्या मागच्या खोलीत क्रमांक न पडलेला ढीग आहे. लोक जुनं घर रिकामं करताना आणून देतात तो. त्यातून निवडलं: कुलूप आणि त्याची हातभर किल्ली, लोखंडी वजनं, टाइपरायटर, कंदील, फुटक्या रांजणाचे तुकडे, छोटं दगडी जातं.

वगळलेल्या वस्तूंची यादी जास्त रंगली. पत्र्याची रंगवलेली खेळणी नकोत, जुन्या रंगात शिसं असू शकतं. भुसा भरलेला पक्षी नको, पूर्वी कातडं टिकवायला आर्सेनिक लावत. अंधारात चमकणारं मनगटी घड्याळ अजिबात नको, तसल्या जुन्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असे. पाऱ्याचा तापमापक अर्थातच नको. मी लिहीत होते, ताई एकेक वस्तू हातमोजे घालून बाजूला ठेवत होत्या. मधेच म्हणाल्या, "मुलांना हीच यादी वाचून दाखव. पेटीपेक्षा जास्त आवडेल बघ."

मग त्यांनी स्वतःची एक कल्पना पुढे केली. प्रवेशदारापाशी पितळेची एक पट्टी बसवायची, घासून लख्ख केलेली. अर्धी पारदर्शक आवरणाखाली, अर्धी उघडी. येणाऱ्या प्रत्येकानं उघड्या भागाला हात लावायचा. घामातले क्षार आणि आम्लं धातूला काय करतात ते सगळ्यांना दिसेल. "'हात लावू नका' लिहिण्यात माझी नोकरी सरली. एकदा लावू दे की त्यांना."

५ एप्रिल, शनिवार

पहिली चाचणी. ओळखीपाळखीतली सात कुटुंबं.

लिहायला लाज वाटते, पण हाताशी वेळ नव्हता म्हणून 'पाय कुणाचे?' बरोबर वीस प्रश्नांचा कागदही वाटला. 'हा दिवा कोणत्या धातूचा आहे?' छापाचे प्रश्न. मुलं फलकाकडे धावली, उत्तर उतरवलं, पुढच्या फलकाकडे धावली. दिव्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. एक वडील मलाच विचारायला आले, "चौदाव्याचं उत्तर काय हो?" सतराव्या मिनिटाला पहिलं कुटुंब बाहेर, आणि बक्षीस कुठे मिळतं अशी चौकशी.

सुट्टीत आलेल्या पोरांची आपण पुन्हा परीक्षाच घेतली.

'पाय कुणाचे?' मात्र चाललं. एक आजी खुर्चीपुढे वाकायला लागल्या तशी नात म्हणाली, "आजी, तू नको वाकू, मी सांगते काय दिसतंय." आणि मग पाच मिनिटं ती एकेका नखाचं वर्णन करत बसली. मी थोडं लांब उभी राहून ऐकत होते.

पितळी पट्टी आज सकाळी लावली. लोक बिचकतात. पाटीवर 'इथे हात लावा' लिहिलंय तरी आधी पहारेकरी काकांकडे बघतात.

८ एप्रिल, मंगळवार

वीस प्रश्न रद्द. त्याऐवजी तीन, आणि तेही माझे नव्हेत. मानसशास्त्रज्ञ अॅबिगेल हाउसेन आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन यांनी चित्र पाहण्याची जी पद्धत घडवली, तिच्यातले हे प्रश्न. मराठीत असे केले:

इथे काय चाललंय?
कशावरून म्हणतोस?
आणखी काय दिसतंय?

खरी मेख दुसऱ्यात आहे. 'कशावरून' विचारलं की उत्तर फलकावर सापडत नाही, परत वस्तूकडेच बघावं लागतं. हा कागद पालकांच्या हातात द्यायचा, मुलांच्या नाही. पालकांना उत्तर माहीत असण्याची गरजच उरत नाही, आणि बहुतेक पालक दालनात गप्प असतात ते उत्तर माहीत नसण्याच्या धास्तीनं, असा माझा संशय आहे.

ऐतिहासिक स्थळांवर माहिती कशी सांगावी याची सहा तत्त्वं अमेरिकी लेखक फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ मध्ये मांडली. सहावं मुलांबद्दल आहे: मोठ्यांच्या माहितीत पाणी घालून ती मुलांना पाजू नका, मुळातच वेगळी वाट धरा. माझे वीस प्रश्न म्हणजे पाणी घातलेलीच माहिती होती.

१२ एप्रिल, शनिवार

दुसरी चाचणी. एकच वस्तू: तीन कुलपांच्या कड्या असलेली लाकडी पेटी. फलक मुद्दाम झाकला. तिच्याभोवती चार कुटुंबं जमिनीवर बसली. मी एक चटई आणि माझं मौन, एवढंच आणलं होतं. चटई सोपी होती.

"ही खजिन्याची आहे."
"कशावरून?"
"जड आहे. लोखंडाच्या पट्ट्या आहेत."
"मग कुलपं तीन का?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. पाचेक सेकंद झाली असतील, पण मला जिभेवर आलेलं उत्तर गिळताना ती तासाभराची वाटली. मग आठ-नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "कारण तिघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता."

अगदी हेच. तीन किल्ल्या तिघांकडे, तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडणार नाही. सामायिक पैसा किंवा कागदपत्रं ठेवायची ही जुनी सोय. झाकलेल्या फलकावर हे दोन परिच्छेदांत लिहिलंय, आणि ते दोन परिच्छेद मीच लिहिले होते. तिचं वाक्य त्याहून चांगलं आहे.

एका पेटीपुढे बावीस मिनिटं. गेल्या शनिवारी सतरा मिनिटांत अख्खं संग्रहालय उरकलं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

आता दगडी इमारत. तिथे सावली आहे, गारवा आहे, आणि बघण्यासारखं काही नाही असा सर्वांचा समज आहे. दारावरचा लेख इतका झिजलाय की फोटोतही उठत नाही.

एका शिक्षिकेनं सुचवलं, मुलांना कागद आणि खडू देऊन लेखाचा ठसा घासून घेऊ द्या. ताईंनी हात जोडले. झिजलेल्या दगडावर प्रत्येक घासणं म्हणजे आणखी थोडी झीज, शिवाय रंग दगडात मुरतो तो वेगळाच. घासण्यासाठी नाण्यांच्या प्रतिकृती ठेवू, इमारतीला हात नाही.

त्याऐवजी बॅटरी. उजेड समोरून टाकला तर कोरलेलं दिसत नाही. बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूनं मारली की प्रत्येक खाचेची सावली पडते आणि अक्षरं उभी राहतात. झिजलेले शिलालेख वाचणारे आणि चित्रांच्या पृष्ठभागाची तपासणी करणारेही हेच करतात. खर्च शून्य, धोका शून्य, आणि अंधारात बॅटरी घेऊन फिरण्याला कुठल्या वयाचा माणूस नाही म्हणेल?

२० एप्रिल, रविवार

बॅटरीफेरी. अकरा कुटुंबं, दोन गटांत. नियम साधा: बॅटरी मोठ्यांच्या हातात, ती कुठे धरायची हे सांगणार मुलं. गोंधळ झाला, पण कामाचा गोंधळ. "बाबा, खाली. अजून खाली. आता तिरपी!" छिन्नीचे घाव दिसले. एका कोपऱ्यात सगळे घाव उजवीकडे झुकलेले, दुसरीकडे डावीकडे. दोन वेगळे पाथरवट असतील की एकच माणूस जागा बदलून बसला असेल, यावर दोन काकांची चांगलीच जुंपली.

आणि मग ती पायरी. दाराच्या आतल्या बाजूच्या पायरीवर एका मुलाला चौकटी दिसल्या, ओळीनं कोरलेल्या. पटावरच्या खेळाची घरं! असे पट जगभरच्या जुन्या इमारतींच्या फरशांवर आणि पायऱ्यांवर सापडतात. पहारा देत, वाट बघत बसलेल्या माणसांनी वेळ घालवायला कोरलेले. आमच्या पायरीवरून आम्ही सगळे रोज चालत होतो. पहारेकरी काका खाली बसले, घरं बोटानं न शिवता मोजली आणि म्हणाले, "माझ्यासारखाच कुणीतरी कंटाळला असणार."

उद्या सुताराकडून फळीवर तोच पट करून घ्यायचा. सोंगट्या म्हणून खडे. नियम प्रत्येक कुटुंबानं स्वतः ठरवायचे आणि वहीत लिहून ठेवायचे.

२३ एप्रिल, बुधवार

सूर्यचित्रांची, म्हणजे उन्हानं कागदावर उमटणाऱ्या चित्रांची तालीम. फसली.

पद्धत जुनी आहे. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांची अशी निळी चित्रं छापायला घेतली. इमारतींचे निळे नकाशे याच पद्धतीनं निघत. लोहाचा एक क्षार (फेरिक अमोनियम सायट्रेट) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड पाण्यात कालवून कागदावर फासायचं, मंद उजेडात सुकवायचं. त्यावर पान, किल्ली, जाळी असं काही ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागलेला भाग निळा पडतो, झाकलेला पाण्यात धुऊन जातो.

रसायनांना मुलांचे हात लागू द्यायचे नाहीत, कागद आम्हीच आदल्या दिवशी तयार करणार. दुसऱ्या रसायनाच्या नावातला 'सायनाइड' वाचून सर दचकले. ते नेहमीच्या वापरात फारसं विषारी नाही, पण तापवायचं नाही आणि तीव्र आम्लाजवळ न्यायचं नाही, एवढं कपाटावर लिहून लावलं.

फसलं ते वेगळ्याच कारणानं. भर दुपारचं ऊन, दहा मिनिटं धरूनही कागद धुतल्यावर फिक्काच. दुसरा, तिसरा, तसाच. शेवटी ताईंनी विचारलं, "वर दाबायला काय वापरतेस?" पानं हलू नयेत म्हणून कोठारातले पारदर्शक पत्रे वापरले होते, प्रदर्शनाच्या पेट्यांना लावून उरलेले. ते अतिनील किरण अडवणारे निघाले. चित्र उमटवतात तेच किरण!

साधी काच घेतली. चार मिनिटांत गडद निळं.

आपली फजिती वाया घालवायची नाही. रविवारी एक कागद अर्धा साध्या काचेखाली आणि अर्धा त्या पत्र्याखाली ठेवून दाखवायचा. कापडाच्या दालनात एवढा अंधार का, हे लोक दर आठवड्याला विचारतात. कापड, कागद, जलरंग यांच्यासाठी साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड ठेवत नाहीत. हे सांगून पटत नव्हतं, आता दिसेल.

२७ एप्रिल, रविवार

सूर्यचित्रं सकाळी साडेआठ ते साडेदहा, त्यानंतर सगळे आत. हे वेळापत्रक आता पक्कं. बाहेरचं सकाळी, दुपारी दालन.

मुलांना निळ्यापेक्षा धुण्याचा क्षण आवडतो. बादलीत कागद घातला की हिरवट-पिवळा रंग निघून जातो आणि किल्ली पांढरी शुभ्र वर येते. घरी नेल्यावर साबणाच्या हातानं पुसू नका, निळा उतरतो, हे पालकांना दोनदा सांगितलं. दिवसभरात निळा आणखी गडद होतो तेव्हा आजच निराश होऊ नका, हेही.

अर्ध्या-अर्ध्या कागदाचा प्रयोग बघून एका आईनं विचारलं, "म्हणजे घरच्या लग्नाच्या साड्याही अशाच विटतात?" अर्धा तास ताईंभोवती घोळका. मुलं बाजूला पटावर खेळत होती. कौटुंबिक उपक्रमात मुलांनी पालकांची वाट बघत थांबायची ही पहिलीच वेळ असावी.

३० एप्रिल, बुधवार

तिसऱ्या दालनात बिस्किटाचा चुरा सापडला. चुऱ्यामागून झुरळं येतात, कसर येते, आणि कसरीला कागदातली खळ बिस्किटाइतकीच आवडते. आजपासून खाणंपिणं फक्त व्हरांड्यात. दालनात पेन नाही, पेन्सिलच.

४ मे, रविवार

वाळूतलं उत्खनन. याबद्दल माझं मत अजून दोलायमान आहे. सगळीकडे हेच करतात: वाळूत मडक्याचे तुकडे पुरायचे, पोरं उकरून काढतात, 'सापडलं' म्हणून ओरडतात. हा झाला खजिन्याचा खेळ.

म्हणून वाळूच्या हौदात दोऱ्यांनी चौकोन पाडले, दोन चौकोनांमध्ये न खणलेली भिंत ठेवली. १९४४ ते १९४८ दरम्यान भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर याच पद्धतीसाठी ओळखले जातात. न खणलेल्या भिंतीत मातीचे थर वाचता येतात. आम्ही तीन रंगांची माती थरांत घातली. प्रत्येक कुटुंबाला एक चौकोन: एक खणणार, एक ब्रशनं साफ करणार, एक चौकटीच्या कागदावर वस्तूची जागा आणि थराचा रंग लिहिणार. लिहिल्याशिवाय वस्तू उचलायची नाही.

पहिल्या तासाला ओल्या वाळूची भिंत तीनदा कोसळली. चार वर्षांच्या एका मुलानं नियम धुडकावून सगळे तुकडे खिशात भरले आणि त्याच्या ताईनं त्याला 'चोर' म्हणून जाहीर केलं. वस्तू जागेवरून उचलली की तिची गोष्ट हरवते, हे मी त्यावर समजावणार होते, पण ती दहा वर्षांची ताईच त्याला विचारत होती, "आता सांग, हा कुठल्या थरातला?" त्याला सांगता येईना. मी माझं तोंड बंद ठेवलं. याची आता सवय होतेय.

११ मे, रविवार

टाइपरायटरपाशी आजोबांची रांग.

हाताळण्याच्या पेटीत मला मुलांची गर्दी अपेक्षित होती. झालं उलटं. नातवंडं विचारतायत, खोडायचं कसं, कागद कुठून घालायचा, ओळ संपल्यावर घंटी का वाजते. आणि आजोबा शिकवतायत. जात्यापाशी हेच आज्यांचं. मी लावलेली 'या वस्तूविषयी' नावाची पाटी दुपारी काढून टाकली, मध्येच येत होती.

१४ मे, बुधवार

शांत तास सुरू केला: सकाळी उघडल्यावर पहिला तास गट नाहीत, ध्वनिफीत बंद, दालनात कमी लोक. ज्या मुलांना आवाज आणि गर्दी सोसत नाही त्यांच्यासाठी. आज दोनच कुटुंबं आली. एक मुलगा संपूर्ण तास कासवासमोर बसला. त्याच्या आईनं जाताना पुढच्या बुधवारची वेळ विचारली.

१८ मे, रविवार

आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद १९७७ पासून तो साजरा करते. गर्दी भरपूर, तीन पंखे, एक बंद पडलेला.

आजचा उपक्रम: मातीच्या छोट्या नळ्यांवर काडीनं फलक लिहायचा. कल्पना फार जुनी आहे. इराकमधल्या ऊर इथे १९२५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना एका दालनात निरनिराळ्या काळांतल्या वस्तू शेजारी शेजारी मिळाल्या, एकीपेक्षा दुसरी शेकडो वर्षं जुनी. सोबत मातीची एक नळी, तिच्यावर जुन्या विटांवरच्या मजकुराची नक्कल आणि त्या विटा कुठे मिळाल्या याची टीप. बॅबिलोनच्या नबोनिडस राजाची मुलगी एन्निगाल्डी हिनं इ.स.पू. सहाव्या शतकात जपलेला तो संग्रह मानला जातो, आणि ती नळी जगातला सर्वांत जुना संग्रहालय-फलक.

मुलांनी घरून एक वस्तू आणायची होती आणि आईवडिलांना विचारून तिचा फलक लिहायचा होता. मातीवर काडीनं लिहायचं म्हणजे जागा कमी, त्यामुळे शब्द तोलूनमापून. सर्वांत आवडलेला: 'बाबांचं घड्याळ. बंद आहे. बाबा तरी घालतात.'

मी लिहिलेल्या सगळ्या फलकांवर आज रात्रीपासून कात्री चालवायला घेतली आहे.

२५ मे, रविवार

पटाच्या नियमांची वही भरली. एकाच पटाचे एकोणीस खेळ. एकात हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला घरी उचलून न्यायचं आहे. पाऊस अवकाळी आला, सूर्यचित्रं रद्द, बॅटरीफेरी वाढवली.

१ जून, रविवार

शेवटचा दिवस. सामान आवरलं, वाळू चाळून गोणीत भरली, एक सोंगटी कमी.

संध्याकाळी ताईंनी पितळी पट्टीवरचं आवरण काढलं. झाकलेला अर्धा भाग बसवला त्या दिवसासारखा. उघडा अर्धा तपकिरी, मधे काळपट डाग, आणि खालच्या कडेला सगळ्यात गडद, कारण लहान हात तिथपर्यंतच पोचत होते. एका ठिकाणी चार बोटं स्पष्ट उमटली आहेत. पहारेकरी काका फडकं घेऊन आले होते, ताईंनी त्यांना थांबवलं.

पट्टी मऊ कागदात गुंडाळून कोठारात नेली. नोंदवही उघडली, क्रमांक टाकला, 'कसं मिळालं' या रकान्यात दोन महिन्यांच्या तारखा लिहिल्या. मी सहज उचलून बघायला हात पुढे केला, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "अं हं. हातमोजे."